सूर, मुटका आणि पाच एचपीची मोटर

मराठी साहित्यातला पोहायला शिकणारा सर्वांत प्रसिद्ध मुलगा विहिरीवर आपणहून गेला नव्हता. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं, आणि दोन वर्षांनी ते पुस्तकरूपानं आलं. त्यातला श्याम पाण्याला घाबरतो. पोहायला जायची वेळ झाली की घरातच दडून बसतो. आई त्याला शोधून काढते, मार देते आणि विहिरीवर धाडते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, एवढाच तिचा हट्ट. श्याम पाण्यात पडतो, गटांगळ्या खातो, आणि पुढे पोहायला शिकतो.

गुरुजींचा जन्म १८९९चा, पालगडचा. म्हणजे हे चित्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या कोकणाचं. त्यानंतरच्या तीन-चार पिढ्यांनी ‘आमच्या वेळी’ म्हणून जे बालपण सांगितलं, त्यात विहीर हमखास येते. उन्हाळ्याची सुट्टी, मामाचं गाव, डोळे लाल होईस्तोवर पाण्यात, कोच नाही, तिकीट नाही, मोबाइल तर नाहीच, आणि कोणी विचारणारंही नाही. आठवण खरी आहे. फक्त ते शेवटचं ‘कोणी विचारणारं नाही’ तेवढं तपासून घ्यावं लागतं. विचारणारे पुष्कळ होते. विहिरीवर कोणी यायचं, केव्हा यायचं, कुठून उडी मारायची आणि कोणी पाण्याला हातही लावायचा नाही, हे सगळं ठरलेलं होतं.

मुळात ही विहीर पोहण्याजोगी का झाली, याचं उत्तर खडकात आहे. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग काळ्या बेसाल्टचा. हा दगड गंगेच्या खोऱ्यातल्या वाळू-मातीसारखा पाणी पोटात धरून ठेवत नाही. वरच्या कुजलेल्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत जे काही मुरेल तेवढंच, आणि तेही झऱ्यातून सावकाश पाझरणार. अशा ठिकाणी अरुंद विहीर खणून भागत नाही. रात्रभर झिरपलेलं पाणी सकाळपर्यंत साठून राहायला पोट मोठं लागतं. म्हणून दख्खनची शेतविहीर वीस-तीस फूट, कधी त्याहूनही रुंद असते. शेतकऱ्यानं ती खणली पिकासाठी, पण मे महिन्यात तिच्यात दोन परस पाणी टिकलं, की गावाला आयता तलाव मिळायचा. मोटेसाठी बांधलेलं थारोळं, बैलांची धाव, दगडी पायऱ्या, बांधकामातून पुढे आलेल्या कपारी, या सगळ्याचा पोरांनी आपापला अर्थ लावला. पायरी नवशिक्यांची, कपार मधल्यांची, आणि थारोळ्यावरून उडी मारायची ती पट्टीच्या पोहणाऱ्यानं.

काही विहिरी तर वाड्यासारख्या बांधलेल्या. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर शके १६४१ ते १६४६ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. अष्टकोनी, शंभर फुटांहून खोल, पन्नास फूट व्यासाची. आत महाल, चोरवाटा, कोरीव काम. हा सारा थाट ३,३०० आंब्यांच्या आमराईला पाणी मिळावं म्हणून, असं सांगितलं जातं. बारा मोटा एका वेळी चालत म्हणून हे नाव. मराठवाड्यात त्याहूनही जुन्या, यादवकाळापर्यंत मागे जाणाऱ्या बारवा आहेत. पण इतिहासाच्या पुस्तकांत जागा मिळवणाऱ्या या विहिरींपेक्षा साध्या, नाव नसलेल्या शेतविहिरींनीच जास्त पोरांना पोहायला शिकवलं.

शिकवण्याची रीत बहुतेक ठिकाणी सारखी होती. पांगाऱ्याचं लाकूड वजनाला हलकं असतं, वाळलं की आणखी हलकं होतं. त्याचे ओंडके किंवा तुकडे दोरीत ओवून पोराच्या पाठीला बांधायचे. पांगारा नसेल तर आतून पोखरून वाळवलेला भोपळा. पुढे रॉकेलचे आणि वनस्पती तुपाचे पत्र्याचे डबे आले, मग प्लास्टिकचे कॅन, आणि ज्याच्या ओळखीत ट्रक ड्रायव्हर असेल त्याच्याकडे टायरची ट्यूब. कमरेला कासरा बांधायचा. त्याचं दुसरं टोक काकाच्या नाहीतर चुलतभावाच्या हातात. पोरगं नको-नको म्हणत असताना मागून ढकलायचं. ते खाली जातं, नाकातोंडात पाणी जातं, पाठीवरचं लाकूड त्याला वर ओढतं, तोंड उघडून ते बोंब मारतं, आणि वर उभे असलेले हसतात. चार दिवसांनी पाठीवरचा एक तुकडा कमी होतो, आठ दिवसांनी आणखी एक. शेवटचा तुकडा नुसता नावाला असतो. तो सोडला तरी आपण तरंगतो, हे पोराला कळायच्या आधी काकाला कळलेलं असतं.

या शिकवणीला फी नव्हती, पण परीक्षा होती. पहिली म्हणजे विहिरीला न थांबता फेरे मारणं. दुसरी बुडी मारून तळाचा गाळ किंवा वरून टाकलेलं नाणं आणून दाखवणं. मूठ उघडून गाळ दाखवला, की त्या पोराचं बोलणं इतरांनी ऐकायला हरकत नसे. मग उड्या. हात जोडून डोक्याकडून सरळ पाण्यात शिरायचं तो सूर. गुडघे पोटाशी घेऊन, वरच्या सगळ्यांना भिजवत पडायचं तो मुटका. सूर चुकला की छातीवर पट्टा मारल्यासारखा लाल डाग उठायचा आणि संध्याकाळी अंगणात तो लपवता लपवता पुरेवाट व्हायची. पाण्यातली शिवाशिवी हा त्याहून कठीण प्रकार, कारण ज्याच्यावर राज्य असेल त्याला पळणाऱ्यांच्या मागे बुडी मारून जावं लागे. कठड्यावरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत असायचे. कपारीत पारवे. एखादी दिवड पाण्यावरून वळवळत गेली की नवखे किंचाळायचे आणि जुने तिला शेपटीला धरून बाहेर फेकायचे.

नियम लिहिलेले नव्हते, पण मोडले तर कानाखाली बसायची. एकट्यानं उतरायचं नाही. जेवून लगेच पाण्यात नाही. खाली कोण आहे ते बघितल्याशिवाय उडी नाही. बंद पडलेल्या विहिरीत उतरायचंच नाही, कारण तळाशी विषारी वायू साचतो. गाळ काढायला उतरण्याआधी जाणता माणूस पेटता कंदील दोरीनं खाली सोडून पाहायचा. कंदील विझला तर कोणी खाली जात नसे. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे साती आसरा. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड असायचे. या जलदेवता भर दुपारी आणि तिन्हीसांजेला पाण्यात खेळतात, एकट्यादुकट्या पोराला खाली ओढतात, असं आजी सांगायची. पोर बुडालं तर ‘आसरांनी नेलं’ म्हणायचे. आजीला धोका समजावून सांगता येत नव्हता असं नाही. तिला एवढं ठाऊक होतं, की आठ वर्षांच्या पोराला कोणी माणूस नसेल तेव्हा पाण्यापासून लांब ठेवायचं तर पाण्याच्या खोलीपेक्षा देवतेची भीती जास्त उपयोगी पडते.

मालकाचा धाक वेगळा. विहीर बहुधा भाऊबंदांच्या वाट्याची. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि त्यावरून कज्जे चाललेले. पोरांनी पाणी ढवळलं की गाळ वर येतो, पाटात दगड-माती जाते, म्हणून मालक तणतणत यायचा. त्याचं हत्यार एकच होतं, ते म्हणजे काठावरचे कपडे उचलून नेणं. चड्डीसाठी त्याच्या मागे गयावया करत गेलेली पोरं आज आजोबा झाली आहेत आणि हीच गोष्ट नातवंडांना फार रंगवून सांगतात.

या रंगलेल्या गोष्टींत कोण दिसत नाही, तेही बघायला हवं.

१९०१ची उन्हाळ्याची सुट्टी. जिल्हा सातारा, तोच, जिथे लिंबची विहीर आहे. नऊ-दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर आपल्या भावाबरोबर आणि बहिणीच्या मुलांबरोबर वडिलांकडे कोरेगावला निघाला होता. नवे कपडे, रेल्वेचा प्रवास, सगळा सुट्टीचा आनंद. मसूर स्टेशनवर घ्यायला कोणी आलं नाही. मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाड्यावर बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं, अशा अटीवर. बरोबर डबा होता. पाणी नव्हतं, आणि रात्रभर कोणी दिलं नाही. वाटेत जे सापडलं ते शेणामुताचं, चिखलाचं. डॉ. आंबेडकरांनी हा प्रवास पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात लिहून ठेवला. सुट्टी, मोकळं रान आणि बरोबर मोठं माणूस कोणी नाही, हे आज ज्याला मुक्त बालपण म्हणतात त्याचं सगळं साहित्य त्या प्रवासात होतं. नव्हतं ते पाणी.

विहिरीवर पोहणं म्हणजे तिचं पाणी अंगाला लावणं, आणि ज्यांच्या सावलीचाही विटाळ धरला जाई त्यांच्या मुलांना गावविहिरीत सूर मारायची कल्पनाही करता येत नव्हती. महात्मा फुल्यांनी १८६८मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सी. के. अर्थात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह झाला, आणि त्यावरचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघायला मार्च १९३७ उजाडावा लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं कोर्ट चाललं. पोहण्याचा प्रश्न त्या कामकाजात कोणी काढला नाही.

मुलींचं तसंच. कोकणातल्या आणि नदीकाठच्या काही गावांत मुली पोहत. काही घरांत वडीलच पहाटे घेऊन जात. पण साधारणपणे विहीर ही मुलीच्या वाट्याला यायची ती कळशी, धुणं आणि रहाटाची दोरी घेऊन. न्हाणवयात आल्यावर तर बोलायलाच नको. आणि सासरच्या जाचाला कंटाळलेल्या सुनेनं विहीर जवळ केल्याच्या बातम्या इतक्या नेहमीच्या होत्या, की पोरांच्या आवडत्या विहिरीला गावातल्या बायका कधी कधी एखाद्या बाईच्या नावानं ओळखायच्या. भाऊ जिथे मुटके मारायचा तिथे बहिणीला पोहता येत नसणं, ही नुसती मौजेची विषमता नव्हती. पाय घसरून पडणाऱ्या बाईला चार हात मारून पायरी गाठता येत नव्हती.

बुडणाऱ्यांची मोजदाद जुन्या काळी नीट कोणी ठेवली नाही. गावाच्या आठवणीत मात्र ती असते, जवळजवळ प्रत्येक गावात एखादी विहीर ‘त्या पोराची’ म्हणून सांगितली जाते. ‘आम्ही केलं, आम्हाला काही झालं नाही’ असं म्हणणारे अर्थातच ते असतात ज्यांना काही झालं नाही. उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’ या २००९च्या चित्रपटानं नेमकं हेच धरलं. सुट्टीत एकत्र जमणारे दोन भाऊ, पोहणं, लपाछपी, आणि मग त्यांतला एक विहिरीत जातो. त्या चित्रपटात विहिरीला दोष देणारं कोणी नाही आणि तिच्या आठवणीनं गहिवरणारंही नाही.

तर मग हे सगळं संपलं कशानं? नेहमीचं उत्तर टीव्ही, मोबाइल आणि घाबरट आईबाप असं असतं. सोयीचं आहे, कारण त्यात दोष नव्या पिढीवर जातो. पण तारखा जुळवून पाहिल्या तर विहिरीवरची गर्दी मोबाइल यायच्या कितीतरी आधी ओसरू लागली होती.

मुंबईत तर शंभरेक वर्षांपूर्वीच. डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांचा तपास करून १९११मध्ये अहवाल दिला. शहरात हिवताप पसरवणारा डास वाड्यांतल्या आणि घरांतल्या विहिरींत वाढतो, असं त्यात होतं. पालिकेनं विहिरी बुजवायला किंवा झाकायला लावल्या. हिंदूंनी आणि पारशांनी धर्माच्या आधारावर विरोध केला, कारण पूजेला विहिरीचंच पाणी लागतं. मग झाकणाला जाळी, छोटं दार, अशा तडजोडी झाल्या. चर्चगेटजवळची १७२५ची भिखा बेहराम विहीर आजही आहे, पण गिरगाव-काळबादेवीतल्या वाड्यांच्या विहिरी बहुतेक गेल्या. तलावही गेले. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही आता फक्त पत्त्यात उरलेली नावं. उड्या मारणारी पोरं पाहायची असतील तर मुंबईकराला वाळकेश्वरच्या बाणगंगेवर जावं लागतं.

खेड्यात पायविहिरींवर संक्रांत आणली ती नारूनं. हा कृमी दूषित पाण्यातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सायक्लॉप्स या जलपिसवांमार्फत पोटात जातो. वर्षभर काही कळत नाही. मग पायावर फोड येतो, आग होते, आणि त्यातून दोन-तीन फूट लांब पांढरा दोऱ्यासारखा किडा बाहेर येऊ लागतो. ओढला तर तुटतो. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढायचा, हे काम आठवडेच्या आठवडे चालायचं. आगीनं हैराण झालेला रोगी पाय गार पाण्यात घालतो, आणि पाय पाण्यात गेला की कृमी हजारो अळ्या पाण्यात सोडतो. ज्या विहिरीत पायऱ्यांनी उतरून पाणी भरतात, तिथे हे चक्र सुखेनैव फिरत राहतं. थोडक्यात, नारू पायरीवर जगत होता, आणि पोरांना ज्या पायऱ्या हव्या होत्या त्याच त्यालाही हव्या होत्या.

भारतात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४मध्ये सुरू झाला. महाराष्ट्र बाधित राज्यांपैकी एक होता. गावोगाव पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून कठडे बांधले गेले, दोरी-बादलीनं पाणी काढायची सोय केली गेली, हातपंप बसले, पाणी फडक्यानं गाळून प्यायला शिकवलं गेलं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. लसही नाही, औषधही नाही, केवळ पाण्याची वाट बदलून एक रोग देशातून घालवला. याबद्दल हळहळणारा माणूस शोधूनही सापडणार नाही, कारण ज्यानं नारू काढलेला पाहिला आहे तो पुन्हा पायऱ्या मागत नाही.

तरी नारूचा संबंध मुख्यतः पिण्याच्या पाण्याच्या विहिरींशी. शेतातल्या विहिरीचं पाणी पळवलं ते इंजिनानं. मोटेला एक अंगभूत मर्यादा होती. बैल दमतात. नाडा ताणला जातो, मोट वर येते, सोंदूर सैल होतो, थारोळ्यात पाणी पडतं, बैल उलटे चढतात. या गतीनं दिवसभर पाणी ओढलं तरी झरे रात्रीत भरपाई करत. किर्लोस्करांची डिझेल इंजिनं आली तशी ही मर्यादा गेली. या इंजिनांची एक अडचण मात्र होती. वरच्या अंगाला बसवलेला पंप साधारण सहा-सात मीटरपेक्षा खालचं पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे पाणी खाली गेलं की विहिरीच्या आतच कपारीवर फळ्या टाकून इंजिन खाली उतरवायचं. सगळी विहीर धुरानं कोंदून जायची, पाण्यावर तेलाचा तवंग. पोरांनी ज्या कपारीवरून उड्या मारायच्या तिथे आता पट्टा फिरत असे. पुढे वीज आली, पाच एचपीची मोटर आली. केबल पाण्यात लोंबू लागली. शॉक बसून माणूस गेल्याची एक बातमी पंचक्रोशीत फिरली, की त्या उन्हाळ्यात पोरांना विहिरीवर पाठवायला आई तयार होत नसे. तिला घाबरट म्हणणं अवघड आहे.

नंतर १९७२चा दुष्काळ. त्याच वर्षी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली, आणि त्यानंतरच्या दशकांत पाणी शोधायची दिशाच बदलली. विहीर रुंद करण्याऐवजी बोअर खोल मारायची. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या रिगच्या गाड्या देशभर फिरू लागल्या. मराठी शेतकऱ्यालाही रात्री-अपरात्री शेतात उभी राहणारी, टीएन पाटीची ती दणदणणारी गाडी ओळखीची झाली. दोनशे फूट, चारशे फूट, पुढे त्याहूनही खोल. उसाला पाणी लागतं, द्राक्षाला लागतं, शेजाऱ्यानं मारली म्हणून आपणही मारायची. विहिरीतल्या वरच्या झऱ्यांचं पाणी खालच्या बोअरनं ओढून घेतलं. मार्चमध्येच तळ दिसू लागला. मोबाइल हातात यायच्या आधीच एप्रिलच्या विहिरीत पोहायला पाणी उरलं नव्हतं. मराठवाड्यातल्या ज्या मुलाला टँकरमागे कळशी घेऊन धावावं लागतं, त्याला ‘हल्लीची पोरं पाण्यात उतरत नाहीत’ असं सुनावणं ही थट्टाच झाली.

आणि गंमत अशी, की सुरक्षेचे म्हणून जे नियम झाले ते या बदललेल्या पाण्याच्याच मागे धावत आले. जुन्या रुंद विहिरीत पडलेलं पोर निदान दिसत होतं, त्याच्यामागे उडी टाकता येत होती. बोअरचं भोक सहा ते आठ इंचांचं. मोठं माणूस त्यात उतरूच शकत नाही. २००६च्या जुलैत हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा मुलगा अशा खड्ड्यात पडला. लष्करानं शेजारच्या विहिरीतून आडवं भुयार खणून त्याला जिवंत बाहेर काढलं, आणि साऱ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. सगळीच मुलं इतकी नशीबवान नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०१० रोजी मार्गदर्शक सूचना दिल्या. बोअर मारण्याआधी किमान पंधरा दिवस कळवायचं, फलक लावायचा, भोवती काटेरी कुंपण, तोंडावर पोलादी झाकण, आणि बंद बोअर बुजवून टाकायची. यातलं काय कुठे पाळलं जातं, ते शेतशिवारात एक चक्कर मारली तरी कळतं. फाटकं पोतं आणि वर एक धोंडा, एवढ्यावर कितीतरी बोअर ‘बंद’ आहेत.

शेततळ्याची कथा अशीच. राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६मध्ये आली. अनेक तळ्यांना पाणी जिरू नये म्हणून प्लास्टिकचं अस्तर घालतात. पाण्याच्या दृष्टीनं चांगलं, पण ओल्या प्लास्टिकच्या उतारावर पाय ठरत नाही. ना पायरी, ना कपार, ना दगडाचा कोपरा. पोहता येणारा माणूससुद्धा काठापर्यंत येतो आणि पुन्हा घसरतो. विहिरीनं चुकलेल्याला धरायला काहीतरी ठेवलेलं असायचं, इथे तेच नाही. काही शेतकरी तळ्यात गाठी मारलेला दोर आणि टायर सोडून ठेवतात. खर्च काहीच नाही, आणि त्या एका दोरानं जीव वाचू शकतो. अस्तराच्या अंदाजपत्रकातच या दोराची ओळ सक्तीनं घालायला हवी होती.

देशात अलीकडच्या वर्षांत दर वर्षी ३५ हजारांहून अधिक माणसं बुडून मेल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत आहे. जगभरात २०२१मध्ये सुमारे तीन लाख माणसं बुडाली, त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत दोन गोष्टी जोडीनं येतात. पाण्याभोवती अडथळे उभारा, आणि सहा वर्षांवरच्या मुलांना पोहायला शिकवा. पहिली शिफारस आपल्याला चटकन पटते, कारण पाटी लावणं आणि जाळी ठोकणं स्वस्तात होतं. दुसरीसाठी माणूस लागतो. बांगलादेशात गावच्या तळ्यांतच बांबूचे मचाण बुडवून, त्यावर मुलांना उभं करून पोहायला शिकवण्याचा कार्यक्रम चालवला गेला आणि त्याचे गुण दिसले. पांगारा पाठीला बांधणाऱ्या काकाला या कार्यक्रमात नवीन काही वाटलं नसतं. फक्त तिथे मुलीही पाण्यात होत्या.

इकडे बारवांना अलीकडे बरे दिवस आले आहेत. तरुणांचे गट गाळ उपसतात, झाडोरा काढतात, महाशिवरात्रीला दिवे लावतात. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी स्वच्छतेनंतर पहिलं काम होतं ते लोखंडी जाळीचं, आणि ते चुकीचं म्हणता येत नाही. कारण पाहायला येणाऱ्यांत पोहता येणारे किती, हा प्रश्नच आहे. जिथे अजून पाणी आहे, कालव्याच्या पट्ट्यात, नदीकाठी, कोकणात, तिथे पोरं उतरतातच. कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर उन्हाळ्याच्या सकाळी आजही पाठीला डबे बांधलेली पोरं आणि काठावर दोर धरून उभे बाप दिसतात, नदीच्या प्रदूषणाच्या बातम्या रोज वाचूनही.

बाकी तालुक्याच्या गावी मे महिन्याच्या बॅचेस असतात. टोपी सक्तीची, डॉक्टरांचा दाखला आणायचा, चार फुटांच्या भागात निळ्या गणवेशातला जीवरक्षक. मुली मुलांइतक्याच, काही बॅचमध्ये जास्तच. फी ज्याला परवडते तो येतो, हे नवं गाळणं. विहिरीवर हात मारायला शिकलेला एखादा खेड्यातला मुलगा अशा तलावात आला, की प्रशिक्षकाच्या आधी डोळ्यांत भरते ती त्याची मान. ती ताठ वर असते. शर्यतीच्या पोहण्यात डोकं पाण्यात लागतं, आणि ही सवय मोडायला महिना जातो. विहिरीत मान खाली घालून चालतच नव्हतं. वरून मुटका घेऊन कोण येतंय, ते बघत राहावं लागायचं. तलावावर उडी मारायला बंदी आहे, तशी पाटीच लावलेली असते.